टूजेझेडचा बिडाचा ब्लॉक ड्रॅगसाठी तयार करताना : बोअरिंग, होनिंग आणि बाकी भानगडी

होनवाला (ह्यूस्टन)

दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, "टूजेझेडचा ब्लॉक तर म्हणे मुळातच हजार हॉर्सपॉवर पेलतो. मग मशीन शॉपवाले नुसत्या ब्लॉकच्या कामाचे एवढे पैसे कसले घेतात?" उत्तर लिहायला बसलो आणि लांबतच गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

मी ह्यूस्टनबाहेरच्या एका इंजिन मशीन शॉपमध्ये बोअरिंग-होनिंगला असतो, म्हणजे सिलिंडर कातून मोठा करायचा आणि मग दगडाने घासून मापाला आणायचा. निम्मं काम ट्रकच्या डिझेल इंजिनांचं, निम्मं ड्रॅगवाल्यांचं, म्हणजे सरळ पट्टीवर पाव मैलाची शर्यत लावणाऱ्यांचं. बेटाउनची स्ट्रिप २०२३ मध्ये बंद झाली, पण गिऱ्हाईक कमी झालं नाही. लोक आता ट्रेलरवर गाडी चढवून लांब लांब जातात.

ओळख नसलेल्यांसाठी थोडक्यात. २जेझेड-जीटीई हे टोयोटाचं एका रांगेत सहा सिलिंडरचं ट्विन टर्बो इंजिन. १९९१ मध्ये ॲरिस्टोत आलं, पुढे सुप्रामुळे जगभर गाजलं. बोअर ८६ मिमी, स्ट्रोकही ८६, एकूण २९९७ सीसी. क्रँकला सात मेन बेअरिंग, ती खालून धरणाऱ्या त्या मेन कॅप. ब्लॉक बिडाचा आणि डेक (हेड बसतं तो वरचा पृष्ठभाग) बंद, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या कडा चहूबाजूंनी धातूत धरलेल्या. जपानी कंपनीने २८० पीएसचं इंजिन म्हणून विकलं, आणि लोक त्याच ब्लॉकवर चौपट ताकद काढतात. हे खरंच आहे, अफवा नाही.

आता हिशोब करा. मोठा टर्बो लावून स्फोटाच्या वेळी सिलिंडरमध्ये २०० बार दाब आला असं धरू. ८६ मिमीच्या पिस्टनचं क्षेत्रफळ ५८ चौरस सेंटिमीटर. म्हणजे एका पिस्टनवर जवळपास पावणेबारा टन. तेवढाच जोर हेडला वर उचलू पाहतो आणि क्रँकला खाली ढकलतो. हेड आवळणारे स्टड ब्लॉकला वरून ओढतात, मेन कॅप खालून ओढतात, आणि मधे आपलं बीड. बीड दाबाला राक्षस आहे, ताणाला मात्र लेचंपेचं. बाकावर ठेवलेला ब्लॉक आणि पळणाऱ्या गाडीतला ब्लॉक यांचा आकार एकच नसतो. बाकावर गोल दिसणारं बोअर हेड आवळल्यावर गोल राहत नाही. आमचे पैसे या फरकाचे.

पहिलं काम कापायचं नसतं, बघायचं असतं. सगळे प्लग काढायचे, तेलाच्या वाटाही उघडायच्या, पिस्टनखाली तेल उडवणाऱ्या पिचकाऱ्या काढून ठेवायच्या आणि ब्लॉक गरम टाकीत धुवायचा. मग चुंबकीय पावडरने तडे शोधायचे. मेनच्या भिंती, स्टडची भोकं आणि दोन सिलिंडरमधली अरुंद पट्टी या माझ्या नजरेतल्या जागा. त्यानंतर अल्ट्रासोनिक गेज लावून प्रत्येक सिलिंडरची भिंत वर, मधे, खाली अशी चारी बाजूंनी मोजायची. कामाच्या फटक्यात पिस्टन ज्या बाजूला रेलतो, त्या बाजूची जाडी मला आधी हवी. तिथे भिंत पातळ निघाली तर ८७ मिमीचे पिस्टन कितीही स्वस्तात मिळालेले असोत, बोअर वाढवायचं नाही. गिऱ्हाईक नाराज होतं, होऊ दे.

पाण्याच्या जागेत भरणा घालायचा असेल तर तो याच टप्प्यावर. भरणा म्हणजे सिमेंटसारखं, लोखंडाचा चुरा असलेलं मिश्रण. अर्धवट भरलं तर सिलिंडरच्या खालच्या अंगाला आधार मिळतो आणि वर पाणी फिरत राहतं. पूर्ण भरलं तर गाडी फक्त पाव मैलाची, घरी चालवत नेणं विसरायचं. भरणा घट्ट होताना बोअरला थोडं हलवतोच. म्हणून वर टॉर्क प्लेट (हेडच्या जागी लावायची जाड प्लेट) आणि खाली मेन कॅप आवळून भरायचा, काही दिवस सुकू द्यायचा आणि मगच मशीनवर घ्यायचा. होनिंग झालेल्या ब्लॉकात नंतर भरणा ओतणारे महाभाग मी पाहिलेत.

मग मेन लाइन, म्हणजे क्रँक जिथे बसतो त्या भोकांची रांग. नवे स्टड किंवा स्टीलच्या कॅप लावल्या की मेनची भोकं आधीसारखी गोल राहत नाहीत, कारण ओढ बदलली. कॅपच्या बसायच्या तोंडावरून थोडा माल काढतात, कॅप पूर्ण आवळतात आणि सातही भोकं एका रांगेत होन करून मूळ मापाला आणतात. यात क्रँकचा मध्य किंचित हेडकडे सरकतो. टूजेझेडमध्ये तेलाचा पंप क्रँकच्या नाकावरच बसतो, त्यामुळे पंप मध्यावर येतोय का हे पुन्हा बघावं लागतं. सात-आठ हजार आरपीएमला पंपाचे दाते उडाले की लोक पंपाला शिव्या घालतात. लाइन होन करणाऱ्याला कुणी विचारत नाही.

मेन लाइन सरळ झाली की सगळी मापं तिथून घ्यायची. डेकला फेस मारताना ब्लॉक ऑइल पॅनच्या कडेवर टेकवून मारला तर तो पॅनच्या कडेला समांतर होईल. आपल्याला तो क्रँकला समांतर हवा. मल्टिलेअर स्टीलचं गॅस्केट वापरायचं तर फेसही गुळगुळीत लागतो. सव्वा मायक्रॉन आरएपेक्षा (आरए म्हणजे खडबडीतपणाचं सरासरी माप) खडबडीत फेस मी पास करत नाही.

बोअरिंगचं पुढच्या प्रतिसादात. जेवायला हाक आली आहे.

रिकामटेकडा

पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत). जेवण झालं की यावे. तोवर मी माझ्या स्कूटरची मेन लाइन बघून घेतो.

शिरोलीकर (कोल्हापूर)

वाचनखूण साठवली आहे. ओतकामाच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण सोनिक टेस्टमध्ये जे दिसतं त्याचं मूळ आमच्याकडे असतं.

ब्लॉकमधली पाण्याची पोकळी साच्यात ठेवलेल्या वाळूच्या कोअरने (गाभ्याने) होते. वितळलेलं बीड वाळूच्या चौपटीहून जड. त्यामुळे माल ओतला की कोअर बुडत नाही, तरंगायला बघतो. त्याला दाबून धरायला टोकाचे कोअर प्रिंट (कोअरची साच्यात बसणारी टोकं) आणि मधे चॅपलेट (धातूचे छोटे टेकू) असतात. प्रिंट थोडा ढिला असला, कोअर बसवताना घासला किंवा दोन तुकड्यांचा कोअर चिकटवताना एक बाजू उचलली गेली, की पोकळी मिलिमीटरभर सरकते. भिंत एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला तेवढीच बारीक. कास्टिंग बाहेरून बघून हे कळत नाही. पाण्याची टेस्टही पास होते आणि रस्त्यावरच्या गाडीत असा ब्लॉक सुखाने आयुष्य काढतो. तुमच्याकडे पावणेबारा टन आले की बारीक बाजू बोलायला लागते.

मालाबद्दलही सांगतो. आपल्याकडे ब्लॉकला एफजी २२०, एफजी २६० अशा ग्रेड चालतात. आकडा म्हणजे मेगापास्कलमधली ताणाची ताकद. दाबाला हेच बीड त्याच्या तीन-चार पट घेतं. बिडात ग्राफाइटच्या पापुद्र्यांचं जाळं असतं आणि ताण आला की प्रत्येक पापुद्र्याचं टोक तडा सुरू करायला तयारच असतं. त्याच ग्राफाइटमुळे बीड कंपनं गिळतं, कातायला मऊ जातं आणि बोअरमध्ये तेल धरतं. म्हणून इंजिनाला ते सोडवतही नाही.

एक शंका आहे. तुमच्याकडे जुना, बराच पळालेला ब्लॉक नव्यापेक्षा चांगला मानतात का? आमचे जुने मिस्त्री कास्टिंग उन्हापावसात टाकून ठेवायचे, बीड मुरलं पाहिजे म्हणायचे.

होनवाला (ह्यूस्टन)

@शिरोलीकर, कोअर तरंगतो हे आमच्या शॉपमध्ये कुणालाच सांगता आलं नसतं. दंडवत.

मुरलेला ब्लॉक इथेही मानतात. माझं मत असं की हजार वेळा तापून थंड झालेला ब्लॉक जे काही वळायचं ते वळून बसलेला असतो. आता फेस मारला, बोअर केलं, की तो पुन्हा वळत नाही. नव्या कास्टिंगमध्ये आतले ताण शिल्लक असतात आणि कापल्यावर ते मोकळे होतात. त्यावर खरा इलाज भट्टीचा, पाचशे-साडेपाचशे अंशांना ठेवून हळूहळू थंड करायचा. उणे तापमानात गोठवून ब्लॉक 'मजबूत' करून देणारेही आहेत. त्यांचं माहितीपत्रक झकास असतं, आधी-नंतरची मापं मात्र अजून कुणी दाखवली नाहीत.

आता बोअरिंग. शेवटच्या मापाच्या ७५ ते १०० मायक्रॉन आधी थांबायचं, उरलेलं होनने काढायचं. बोअरिंगचं हत्यार धातू ओरबाडतं आणि त्याखालचा थर दुखावतं. होनला तो थर काढण्याइतका माल ठेवावा लागतो.

होनिंगला टॉर्क प्लेट. जाड प्लेट, सिलिंडरच्या जागी भोकं, हेडच्या जागी डेकवर आवळायची. लोक इथे काटकसर करतात. प्लेट शॉपची आणि बोल्टही शॉपचे. गाडीत बसणार जाड स्टड, तो आवळणार कितीतरी जास्त टॉर्कला, आणि होनिंग होणार जुन्या बोल्टवर! मग प्लेट लावली काय, न लावली काय. गाडीत जाणारे स्टड, त्याच जातीचं गॅस्केट, स्टडला तेच वंगण आणि तोच टॉर्क. खाली मेन कॅपही आवळलेल्या. या अवस्थेत बोअर गोल करायचं. प्लेट काढली की ते वाकडं दिसतं आणि नवखा घाबरतो. दिसू दे. स्टडच्या भोकांजवळ पंचवीसेक मायक्रॉनचा फरक पडणं यात काही नवल नाही. रेसिंगच्या काही शॉपमध्ये तर ब्लॉकमधून गरम पाणी फिरवत होन करतात, तापलेल्या आकारालाच गोल व्हावं म्हणून.

पिस्टन २६१८ जातीच्या फोर्ज्ड ॲल्युमिनियमचे असतात. सिलिकॉन जवळजवळ नाही म्हणून चिवट, पण तापल्यावर फुगतात जास्त. मोठ्या टर्बोला ८६-८७ च्या बोअरमध्ये ९० ते ११५ मायक्रॉन जागा ठेवतो. थंड इंजिन खुळखुळतं. ड्रॅगवाल्याला त्याचं काही नाही, शेजाऱ्यांना असेल.

उद्यमनगरी (कोल्हापूर)

होनवाले, लेख उत्तम. पण एक बोलतो, राग मानू नका. शिवाजी उद्यमनगरात आमच्या वडिलांपासून बोअरिंगचं काम आहे. ऑइल इंजिन, ट्रॅक्टर, ट्रक, सगळं केलं. टॉर्क प्लेट नावाची वस्तू आमच्या दुकानात आजही नाही. बोअर गेज, डायल, हातातला अंदाज आणि चांगले होनचे दगड. उसाला पाणी देणारी इंजिनं वर्षानुवर्षं चालतात, तेल खात नाहीत. ही प्लेट-बिट प्रकरण गिऱ्हाईकाला पटवायला तर नाही ना?

होनवाला (ह्यूस्टन)

काका, राग कसला. तुमचं म्हणणं तुमच्या इंजिनांना बरोबर आहे. ट्रकमध्ये आणि कित्येक शेतीच्या इंजिनांत वेट लाइनर असतो, म्हणजे बाहेरून पाणी लागणारी सिलिंडरची वेगळी नळी. तो ब्लॉकमध्ये मोकळा उभा, वर कॉलर, खाली रबरी रिंगा. हेडच्या बोल्टची ओढ त्याच्या भिंतीला थेट लागत नाही. पिस्टनच्या रिंगा जाड, दाबून बसणाऱ्या, थोडं वाकडं बोअर असलं तरी भिंतीला चिकटून राहतात.

टूजेझेडचं बोअर ब्लॉकच्याच अंगातलं. स्टडचा आटा जिथे ओढतो, तिथून भिंत अगदी जवळ. आणि आता पहिली रिंग एक मिमी जाडीची वापरतात, ताण कमी ठेवतात, घर्षण वाचावं म्हणून. ती रिंग खड्ड्यात शिरत नाही, वरून निघून जाते. मग तिथून गॅस खाली, तेल वर. आम्ही ट्रकच्या लाइनर इंजिनांना आजही प्लेट लावत नाही.

मायक्रॉनताई (चाकण)

मी क्वालिटीला आहे, दिवसभर सीएमएम (आकार आणि मापं तपासणारं यंत्र) आणि प्रोफाइल मशीनच्या मधे. धागा वाचून राहवलं नाही.

पहिलं, तापमान. इथे सगळे मायक्रॉन मोजतायत, पण ब्लॉक किती अंशांना आहे हे कुणी बोललं नाही. बीड दर अंशाला मीटरमागे साधारण ११ मायक्रॉन वाढतं. ८६ मिमीच्या बोअरला दहा अंशांचा फरक म्हणजे साडेनऊ मायक्रॉन. ॲल्युमिनियमचा पिस्टन तेवढ्यातच त्याच्या दुप्पट वाढतो. होनिंग संपलं की ब्लॉक हाताला कोमट लागतो, त्याच क्षणी गेज टाकून "माप आलं" म्हणणारे आमच्याकडेही आहेत. पिस्टन एसीच्या खोलीत आणि ब्लॉक पत्र्याच्या शेडमध्ये मोजला तर क्लिअरन्सचा आकडा कागदावरच राहतो. दोन्ही एका खोलीत रात्रभर ठेवा, सकाळी मोजा. गेज ज्यावर शून्याला लावता ती मास्टर रिंगही सोबत ठेवा.

दुसरं, नुसतं आरए सांगून बोअरचा फिनिश कळत नाही. आरए सरासरी आहे. वर टोकदार सुळके असलेला पृष्ठभाग आणि वर सपाट, खाली खोल चरे असलेला पृष्ठभाग, दोन्हींचा आरए एकच येऊ शकतो. पहिला रिंग खातो, दुसरा तेल धरतो. म्हणून आरपीके, आरके आणि आरव्हीके बघायचं. आरपीके म्हणजे वरचे सुळके, आरके मधला भार घेणारा भाग, आरव्हीके तेलाचे चर. होनवाले, तुम्ही काय आकडे ठेवता?

होनवाला (ह्यूस्टन)

ताई, अगदी मुद्द्यावर बोट ठेवलंत. आमच्याकडे ब्लॉक आणि पिस्टन एका खोलीत मुक्कामाला असतात, आणि शेवटचे काही मायक्रॉन ब्लॉक थंड होऊ देऊनच काढतो.

बारीक रिंगांना आरपीके पाव मायक्रॉनच्या आसपास, आरके पाऊण, आरव्हीके एक ते दीड. टर्बोला आरव्हीके वरच्या बाजूला ठेवतो, कारण भिंतीवर भार जास्त आणि इंधनातलं मेथनॉल तेल धुऊन नेतं. हे एका दगडात होत नाही. आधी खडबडीत डायमंडने चर पाडायचे, मग बारीक दगडाने वरचे सुळके छाटायचे, शेवटी ब्रश. चौकडीचा कोन ३० ते ४५ अंश. कोन फार उभा झाला तर तेल खाली पळतं, फार आडवा झाला तर रिंग चरांवर अडखळते. आमचं मशीन सनेनचं आहे. रॉटलरची नवी यंत्रं बोअर स्वतःच दुरुस्त करतात, फुगवटा सापडला की तिथे थांबून घासतात. बघताना मजा येते आणि आपली नोकरी कुठवर याचा हिशोबही डोक्यात सुरू होतो.

पावशेर_बूस्ट (ठाणे)

दादा, मस्त धागा! माझ्याकडे जुनी सिटी व्हीटेक आहे, १.५ वाली. टर्बो करून ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन या ड्रॅग शर्यतीला उतरायचं स्वप्न आहे. होंडाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आणि डेक उघडा. एका ट्यूनरने ब्लॉक गार्ड ठोकून घ्यायला सांगितलंय, स्वस्तात होतं म्हणाला. दुसरा म्हणतो स्लीव्ह टाक. काय करू?

होनवाला (ह्यूस्टन)

उघड्या डेकमध्ये सिलिंडर वरच्या टोकाला मोकळे उभे असतात, चहूबाजूंनी पाणी. दाब वाढला की वरचं टोक हलतं आणि गॅस्केट आधी जातं. ब्लॉक गार्ड म्हणजे त्या पाण्याच्या फटीत ठोकून बसवलेली पट्टी. हलणं कमी होतं हे खरं. पण ठोकताना बोअर दाबलं जातं आणि पाणी सर्वांत जास्त जिथे हवं, नेमकं तिथेच अडतं. गार्ड टाकून नंतर टॉर्क प्लेटवर होन केलं तर निदान गोल तरी राहील. नुसता ठोकून जोडणी करणाऱ्याकडे जाऊ नकोस.

स्लीव्हचं काम मोठं. जुने बिडाचे लाइनर कातून काढतात, ब्लॉकमध्ये पायरी पाडतात, ब्लॉक तापवून डक्टाइल आयर्नचे जाड स्लीव्ह खाली सोडतात. वरच्या कॉलर एकमेकींना भिडून डेक बंद करतात. मग डेकला फेस, बोअर, प्लेट लावून होन. स्लीव्ह पायरीवर नीट टेकला नाही तर पहिल्या उन्हाळ्यातच काही मायक्रॉन खाली बसतो आणि गॅस्केट फुंकतो. पायरीची खोली सगळीकडे सारखी आहे का, हे स्लीव्ह टाकायच्या आधी मोजायला लाव.

तुला हवेत किती घोडे? दोनशेच्या आत असेल तर यातलं काहीच करू नकोस, ट्यूनिंगवर पैसे घाल.

पावशेर_बूस्ट (ठाणे)

अडीचशे… म्हणजे सुरुवातीला.

रिकामटेकडा

'सुरुवातीला' या शब्दावर अख्खा धंदा उभा आहे, मालक.

ब्रिस्बेनकर (क्वीन्सलँड)

आमच्याकडे टूजेझेडची आणखी वरची पातळी बघायला मिळते. इथली बुलेट नावाची कंपनी ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून अख्खा ब्लॉक मिलिंग करून काढते. ओतकाम नाही, म्हणजे शिरोलीकरांच्या तरंगत्या कोअरचा प्रश्नच नाही. भिंत डिझाइनमध्ये जेवढी, तेवढीच. मेनभोवती हवा तेवढा माल ठेवता येतो. कनेक्टिंग रॉड बाहेर आला तरी ब्लॉक वेल्ड करून पुन्हा मशीन करता येतो. बीड एकदा फुटलं की फुटलं.

पण लोक एक गोष्ट विसरतात. ॲल्युमिनियम बिडाच्या दुपटीने फुगतं. मेनचं भोक ६६ मिमीच्या आसपास धरा, इंजिन साठ अंशांनी तापलं. भोक ९० मायक्रॉन वाढलं, स्टीलचा क्रँक त्याच्या निम्मा. म्हणजे मेनची जागा ४५ मायक्रॉन वाढली. स्टीलच्या कॅप असतील तर थोडी कमी, पण वाढतेच. म्हणून थंडीत मेन मुद्दाम घट्ट ठेवतात आणि तेल हीटरने तापवल्याशिवाय स्टार्टर मारत नाहीत. थंड तेलावर चालू करून वर रेस केलेल्या इंजिनाचे बेअरिंग नंतर बघण्यासारखे असतात.

होनवाला (ह्यूस्टन)

सहमत. बिडाच्या ब्लॉकला जुना ठोकताळा पुरतो, जर्नलच्या दर इंचाला एक थाऊ, म्हणजे २५ मायक्रॉन. टूजेझेडचा मेन जर्नल ६२ मिमी, त्याला अडीच थाऊ, ड्रॅगला जरा मोकळं आणि तेल जाड.

शिरोलीकर (कोल्हापूर)

कास्टिंगवाल्यांची बाजू थोडी मांडतो. अमेरिकेतल्या डार्टसारख्या कंपन्या शेवरलेच्या व्ही-८ साठी बिडाचेच ब्लॉक ओततात, पण रेससाठीच डिझाइन करून. सिलिंडर एकमेकांना जोडलेले, मधे पाणी नाही, भिंती जाड, मेन कॅपला चार बोल्ट आणि बाहेरचे तिरपे. तिरपे अशासाठी की ते ब्लॉकच्या जाड अंगात शिरतात. बीड वाईट नाही, कुठे किती ठेवलंय त्यावर आहे.

होनवाला (ह्यूस्टन)

याचं उलट उदाहरण म्हणजे फोर्ड ३०२. कंपनीचा ब्लॉक हलका करायला बारीक ओतलेला. पाचशे हॉर्सपॉवरच्या पुढे गेलं की तो मेनच्या भिंतींतून वरपर्यंत उभा चिरतो, अक्षरशः दोन तुकडे. लोक त्याला स्टीलच्या कॅप आणि खालून लोखंडी जाळी लावतात. कॅप शाबूत राहते, तिला धरणारी भिंतच तुटते. टूजेझेडच्या मेनच्या भिंतींत माल भरपूर आहे, म्हणून तो या रोगातून सुटला.

रिकामटेकडा

एक बाळबोध प्रश्न. टीव्हीवर दिसतात त्या लांबलचक, ज्वाळा ओकणाऱ्या गाड्या. त्यांचे ब्लॉक कसले? तुम्ही करता का?

होनवाला (ह्यूस्टन)

टॉप फ्युएल. आमच्या शॉपच्या आवाक्यातलं नाही. ५०० घनइंचांचं व्ही-८, म्हणजे ८.२ लिटर, ९० टक्के नायट्रोमिथेन आणि अकरा हजार हॉर्सपॉवरच्या घरातली ताकद. ब्लॉक फोर्ज्ड ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कातलेला आणि त्यात पाणी फिरायला जागाच नाही, संपूर्ण भरीव. धाव चार सेकंदांच्या आत संपते, आणि एवढं इंधन आत ओततात की तेच थंड करतं. लाइनर बदलता येतात. दोन फेऱ्यांच्या मधे टीम पीटमध्येच इंजिन उघडून रॉड, पिस्टन, बेअरिंग बदलते. २००८ मध्ये न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउनला स्कॉट कलिटा अपघातात गेला. त्यानंतर त्या गाड्यांचं अंतर पाव मैलावरून १००० फुटांवर आणलं.

आमच्या गिऱ्हाईकाला एकच ब्लॉक सीझनभर पुरवायचा असतो, आणि तो त्याला परवडायचाही असतो.

मायक्रॉनताई (चाकण)

गॅस्केटबद्दल राहिलं. ओ-रिंगचा चर ब्लॉकमध्ये पाडता की हेडमध्ये?

होनवाला (ह्यूस्टन)

बहुतेकांना चांगला फेस, मल्टिलेअर गॅस्केट आणि जाड स्टड पुरतात, तिथे चर पाडतच नाही. दाब फारच वर गेला तर सिलिंडरभोवती बारीक चर पाडून स्टीलची तार बसवायची, समोर तांब्याचं गॅस्केट. तार किंचित वर राहते आणि तांब्यात रुतते. टूजेझेडमध्ये दोन बोअरच्या मधे जागा कमी. बोअर वाढवलेला असेल तर चराची कड आणि सिलिंडरची कड यांच्यात बीड किती उरतं ते आधी काढा. तांब्याच्या गॅस्केटला पाण्याच्या वाटा बंद करायला वेगळं सीलंट लागतं, आणि तरी पाझरतं. भरणा घातलेल्या, पाणी नसलेल्या ब्लॉकला तो त्रास नाही.

उद्यमनगरी (कोल्हापूर)

होनवाले, लाइनरचं पटलं. आमच्याकडे एक-दोन पोरं बिडाच्या ब्लॉकची कारची इंजिनं घेऊन येतात, त्यांना लाइनर नसतो. तेल खाण्याची तक्रार त्यांचीच असते. प्लेट कातून बघतो. जाडी किती ठेवू?

होनवाला (ह्यूस्टन)

काका, ५० मिमी ठेवा. हेड बिडाचं असेल तर प्लेट बिडाची, ॲल्युमिनियमचं असेल तर ॲल्युमिनियमची असावी असं काहीजण मानतात, आम्हीही शक्यतो तसंच करतो. भोकं सिलिंडरपेक्षा दोन-तीन मिमी मोठी ठेवा, होनच्या दगडाला वर निघायला वाट पाहिजे. प्लेटचे दोन्ही फेस ग्राइंड करून घ्या. बोल्ट मात्र प्लेटच्या जाडीप्रमाणे निवडा. ब्लॉकमध्ये जेवढे आटे हेडचा बोल्ट धरतो, तेवढेच प्लेटच्या बोल्टनेही धरले पाहिजेत. लांब बोल्ट टाकून खोलवर आवळला तर ओढ भलत्याच जागी लागते.

पावशेर_बूस्ट (ठाणे)

काका, प्लेट झाली की माझा ब्लॉक घेऊन कोल्हापूरला येऊ का? पण तो ॲल्युमिनियमचा.

उद्यमनगरी (कोल्हापूर)

ये की. आधी नुसता मोजू. गार्ड-बिर्ड काही ठोकून आणू नकोस. आणि पोरा, ब्लॉक धुऊन आण.

होनवाला (ह्यूस्टन)

धुण्यावरून आठवलं, हे वर लिहायचं राहिलं. होनिंगनंतर ब्लॉक डिझेल-पेट्रोलने पुसून बसवू नका. सॉल्व्हंटने तेल जातं आणि दगडाची पूड चरांमध्ये तशीच राहते. गरम पाणी, भांड्याचा साबण, ब्रश आणि भरपूर घासणं. तेलाच्या प्रत्येक वाटेत लांब ब्रश. मग पांढऱ्या फडक्याला पातळ तेल लावून बोअर पुसायचं. फडकं करडं निघालं तर पुन्हा साबण. वाळल्या वाळल्या तेल लावा, बिडाला गंज चढायला दहा मिनिटं लागत नाहीत. आमच्याकडे एक गिऱ्हाईक धुतलेला ब्लॉक घरी नेऊन "एकदा खात्री करावी" म्हणून हातानेच पुन्हा होन फिरवून आलं होतं, न धुता. नवे बेअरिंग पहिल्याच शनिवारी गेले.

रिकामटेकडा

म्हणजे शेवटी भांडी घासणाऱ्याचंच कौतुक! बायकोला हा धागा दाखवणार नाही.

मायक्रॉनताई (चाकण)

@उद्यमनगरी काका, प्लेट लावून आणि न लावता, दोन्ही मापं एकाच ब्लॉकची इथे टाका. वर, मधे, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या रेषेत एक, आडवं एक. तापमानही लिहा.

उद्यमनगरी (कोल्हापूर)

टाकतो ताई. थर्मामीटर घ्यावा लागेल.